रिंग मीच मोजायला लावली

रविवारी सकाळी आमच्या भागातल्या ग्राउंडवर पोरांची डंकची स्पर्धा होती. डंक म्हणजे उंच उडी मारून बॉल वरनं रिंगमध्ये कोंबायचा... बास्केटबॉलचाच प्रकार. माझा ओंकार त्यात होता, आणि जिंकणाऱ्याला पुण्याच्या शिबिरात महिनाभर फुकट जागा होती. फी भरून पाठवणं आपल्याच्यानं होत नाही, म्हणजे ओंकारला जायचं तर हा एकच रस्ता.

मी शाळेचे युनिफॉर्म शिवते. पोरांच्या टीशर्टचे नंबर मीच शिवले होते, ऐनवेळी एखादा उसवला तर म्हणून टेप, कात्री, दोरा पिशवीत टाकूनच गेले.

गेल्या गेल्या माझ्या डोक्यात किडा वळवळला. पाच परीक्षक खुर्च्या टाकून बसलेले, आणि त्यांना चहा कोण देतंय? तर अंबादास अण्णा! अण्णा ग्राउंडच्या कमिटीत, आणि त्यांचा वेणू स्पर्धेत. म्हटलं, झालं... निकाल किटलीतच ठरला की!

मुख्य परीक्षक म्हणजे शाळेतले पीटीचे सर. मी सरळ जाऊन विचारलं, मार्क कशाला देणार? ते म्हणाले, "प्रत्येकाकडं दहा मार्क. पाच वेगळेपणाला, पाच अवघडपणाला." वेगळेपणा ठरवणार कोण, तर हेच पाच जण. म्हणजे टेलरनंच कापड कापायचं आणि टेलरनंच सांगायचं, छान बसलंय!

पोरं कमी होत होत शेवटी दोघंच उरले, ओंकार आणि वेणू. ओंकारनं हवेत गिरकी घेऊन डंक मारला, चव्वेचाळीस मार्क. वेणू बाकड्यावरनं उडी मारून गेला, त्याला सेहेचाळीस. दुसऱ्या खेपेला ओंकारला सत्तेचाळीस, वेणूला पंचेचाळीस. बेरीज केली तर दोघांचे एक्क्याण्णव. बरोबरी! इतकी सरळ बरोबरी बघून तर माझा संशय आणखीनच वाढला.

तेवढ्यात माझं लक्ष रिंगांकडं गेलं. ग्राउंडच्या दोन टोकांना दोन रिंगा, ज्याला जी हवी त्यानं ती घ्यायची. ओंकारनं दोन्ही वेळा अलीकडची घेतली होती, वेणूनं पलीकडची. दोन बाह्या अर्ध्या इंचानं कमीजास्त असल्या तरी मला लांबनं कळतं... या रिंगा सारख्या नव्हत्याच. पलीकडची खाली लोंबल्यासारखी दिसत होती.

मग मी कशाला गप बसते?

"सर, अवघडपणाला मार्क देताय, तर आधी उंची मोजा की! वेणूची रिंग खाली हाय. कुणी केली ते अण्णांना इचारा."

सगळं ग्राउंड माझ्याकडं बघायला लागलं. ओंकार पळत आला, "आई, गप बस की गं... काय लावलंय!" सर म्हणाले, दोन्हीकडं साडेनऊ फुटांच्या खुणेलाच रिंग बसवलीय, खांबावर खूण आहे. मी म्हटलं, खुणेचं मला सांगू नका, मोजून दाखवा.

अण्णा चिडतील असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "मोजू द्या वो सर त्यांना. न्हाईतर ताई आज जेवणार न्हाईत." आणि शिडी स्वतः धरून उभे राहिले.

दोऱ्याला कात्री बांधली, एका पोराला शिडीवर चढवून रिंगपासून जमिनीपर्यंत ओळंबा सोडला. मग तो दोरा जमिनीवर ताणून टेपनं मोजला. आधी वेणूची बाजू. साडेनऊ फूट, बरोबर. तिथली जाळी नवीन आणि लांब होती, म्हणून ती रिंग खाली वाटत होती.

मग ओंकारची बाजू. नऊ फूट दोन इंच.

मी परत मोजलं. परत नऊ फूट दोन इंच.

चार इंच गेले कुठं, तर पायाखाली. त्या अर्ध्या भागात पोरं घसरायची म्हणून मागच्या महिन्यात सिमेंटचा नवा कोबा घातला होता. जमीन वर आली, खांबावरची खूण होती तिथंच राहिली... आणि कमिटीच्या मागं लागून तो कोबा घालून घेतला होता अंबादास अण्णांनीच.

आकडा मला मोठ्यानं सांगावा लागला. माझ्याच तोंडानं, माझ्याच पोराविरुद्ध. एक परीक्षक म्हणाले, मग ओंकारचे अवघडपणाचे मार्क कापा. मी टेप गुंडाळायला लागले.

अण्णाच बोलले. "काय म्हणून कापायचं? पोराला काय ठाऊक कोबा किती जाड हाय? बरोबरी राहू द्या. दोगं आता एकाच रिंगवर मारतील."

पलीकडच्या रिंगवर दोघांना एकेक डंक दिला. वेणूनं साधाच मारला, पण गेला. ओंकारनं तीच गिरकी घेतली... बॉल रिंगच्या कडेला आपटला आणि बाहेर. पुण्याला वेणू निघाला.

ओंकारला गाडीवर मागं बसवून घरी आले. दारात आल्यावर तो म्हणाला, "तू मोजलं नसतंस तर आज मी जिंकलो असतो ना?"

म्हटलं, "कुणास ठाऊक. पण पुण्याच्या ग्राउंडला कोबा घालायला कोण येणार होतं रे?"

त्यानं जेवणाचं ताट सरकवलं. मलाही घास गेला नाही, खोटं कशाला सांगू. पण आज सकाळी बॉल घेऊन गेला, आणि पलीकडच्या, वेणूच्या रिंगवर उड्या मारत होता. वेणू खाली उभा राहून त्याला पाऊल कुठनं उचलायचं ते दाखवत होता.

अंबादास अण्णा, तुमच्याबद्दल मी त्या दिवशी नाही नाही ते बोलले. चारचौघांत आरोप केला, तर माफी गुपचूप घरी येऊन मागणं बरं दिसत नाही. म्हणून इथं, आपल्या भागाच्या ग्रुपवर, सगळ्यांसमोर लिहिते... मी चुकले.