कुलपाला गंध

तंजावूरच्या आमच्या कोर्टात मुद्देमालाची खोली सांभाळणारे गृहस्थ पुराव्यांशीही घरच्यासारखं बोलायचे. “ये रे द्वाडा, आंग पुसतों,” असं खुनातल्या कोयत्याला म्हणायचे. दर नवरात्रात, आयुधपूजेला, तिथली प्रत्येक वस्तू पुसून ते तिला गंधकुंकू लावत.

एका जुन्या, न उलगडलेल्या खुनाचा तपास पुन्हा सुरू झाला. डीएनए तपासणी आता हैदराबादेत होऊ लागली होती, म्हणून इन्स्पेक्टरनं मेलेल्या मुलीची रक्तानं माखलेली साडी मागितली. या गृहस्थांनी स्वच्छ, घडी केलेली साडी दोन्ही हातांनी पुढं केली.

“उंदरांनी गाठोडं फाडलं, सार. लेकराची साडी तशी कशी ठेवूं? पूजेला धुतली मी.”

इन्स्पेक्टरनं घडी उलगडली; तपासायला रक्ताचा एक डागही उरला नव्हता.

पुढच्या आयुधपूजेला त्यांनी खोली उघडलीच नाही. गंधकुंकू बाहेरच्या कुलपाला लावलं.