बंद करायची दोरी

उमरेड रोडवर दिघोरीच्या पुढे भाजीवाड्यांमध्ये ईश्वरदास हेडाऊंचं घर कुठं म्हणून विचारलं, तर लोक डोकं खाजवतात. हँडलवाले काका म्हणा, थेट दारापर्यंत आणून सोडतील.

काकांचा ट्रॅक्टर ठेंगणा, एका सिलिंडरचा, वांग्यांच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाणारा. भंगारवाल्याच्या आवारातून त्यांनी तो ओढत आणला, तेव्हा त्याच्या सीटवर एका कोंबडीनं घर केलं होतं आणि ती उतरायला तयार नव्हती. त्यांच्या बायकोनं, मैनाबाईंनी, दोघांकडे पाहून विचारलं, "यातलं चालते कोणतं जी?"

काकांनी त्याचा नट न् नट खोलला. डिझेलच्या टाकीतला गंज खडे घालून हलवून हलवून धुतला, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, नोझल साफ केलं. एके काळचे ते विणकर. शहरात महाल भागातल्या गल्लीत त्यांचा हातमाग होता, त्यामुळे गुंता सोडवायचा कंटाळा त्यांना ठाऊकच नव्हता. इंजिन बंद करायची तार तेवढी तुटलेली निघाली. मैनाबाईही विणकराचीच लेक. त्यांनी मागाची जुनी सुती दोरी दुहेरी पिळली आणि तारेच्या जागी आपल्या हातानं गाठ मारून बांधली. ती ओढली की डिझेल बंद होतं आणि इंजिन गप्प होतं. इतकी वर्षं झाली, गाठ काही ढिली पडली नाही.

सगळं दुरुस्त झालं, फक्त सेल्फ राहिला. म्हणजे किल्ली फिरवली की इंजिनाला जाग आणणारी मोटर. "तो जळाला, त्याचं सामानच भेटत नाही," असं काका सगळ्यांना सांगत. त्यामुळे ट्रॅक्टर हँडलनं चालू करावा लागे, आणि तो सोहळा बघण्यासारखा असे. डाव्या हातानं इंजिनावरची दाब सोडणारी खिट्टी उचलायची, उजव्यानं हँडल फिरवत वेग आणायचा आणि नेमक्या क्षणी खिट्टी सोडायची. क्षण चुकला तर हँडल उलटं येऊन मनगट मोडतं. भल्या भल्या पहिलवानांनी करून पाहिलं, आणि हात झटकत बाजूला झाले. काकांनी फिरवलं की ट्रॅक्टर भकभक धूर सोडत बोलू लागे. मग वाडीतली माणसं हसत आणि काका उगाच मिशी पुसत.

खरी गोष्ट अशी की सेल्फ केव्हाच दुरुस्त झाला होता. अनंत इलेक्ट्रिशियननं नवं वाइंडिंग करून दिलं होतं. काकांनी तो जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर दडवला. दिवाळीची झाडझूड करताना तो मैनाबाईंच्या हाती लागला, आणि त्यांनी तो होता तसा गुंडाळून ठेवला. माग बंद पडल्यावर काकांनी एका दुकानावर चौकीदारी केली होती. दिवसभर हात मांडीवर ठेवून बसायचं. ज्या हातांनी विणलेल्या काठांचं अख्खी गल्ली कौतुक करी, ते हात घरी आल्यावरही मांडीवरच राहत. मैनाबाईंना ते दिवस पुन्हा नको होते.

मागच्या हिवाळ्यात हँडल मारताना काकांच्या पोटात कळ आली. हर्निया. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं, हँडलला आता जन्मात हात लावायचा नाही. काकांनी शहाण्यासारखी मान हलवली आणि घरी आल्यावर चारच दिवसांत अंगणात हँडल हातात घेऊन उभे.

"काहून जी? टाके उसवून दाखवता काय?" मैनाबाई कडाडल्या.

"फक्त पाहून राहिलो वं. मी याले चालू नाही केलं तं कोण करन? हा जाईन पुन्हा भंगारात."

"अन् तुम्हाले काही झालं तं मी कुठं जाऊ?"

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि माळ्यावरचं गाठोडं आणून त्यांनी काकांसमोर बाजेवर ठेवलं. लुगडं ओळखीचं होतं. काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"तुले माहीत होतं?"

"दिवाळीले माळा कोण झाडते?"

"मंग बोलली नाही काहून?"

"तुम्ही हँडल मारत होते तं लोकं पाहत," मैनाबाई खाली बघत म्हणाल्या. "मीबी पाहत होती."

दुसऱ्या दिवशी अनंत बॅटरी घेऊन आला आणि त्यानं सेल्फ बसवला. काका स्टुलावर बसून त्याच्या प्रत्येक बोल्टात खोट काढत होते. अनंतनं किल्ली पुढं केली तर म्हणाले, "तिलेच दे. किल्लीच तं फिरवाची आहे, त्यात काय!"

मैनाबाई पदर खोचून सीटवर चढल्या. किल्ली फिरवली, आणि इंजिन एका झटक्यात चालू झालं. ना सोहळा, ना दम. काकांनी भिंतीला टेकवलेल्या हँडलकडे पाहिलं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

तेवढ्यात मैनाबाई ओरडल्या, "अवो, आता हे बंद कसं करू जी?"

अनंत पुढे सरसावला. मैनाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जागच्या जागी थांबला.

"ती दोरी ओढ ना वं!" काका उठत म्हणाले.

"कोणती दोरी? मले नाही समजत."

"अवं ती, तू..." आणि काका थांबले. दोरीवरची गाठ त्यांच्या डोळ्यांसमोरच होती.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती अगदी गरीब चेहऱ्यानं बसली होती. काका हळूहळू पोटावर हात धरून जवळ आले.

"सरक. हे तुले नाही जमत," ते म्हणाले आणि त्यांनी दोरी ओढली. इंजिन गप्प झालं.

"बरं झालं, तुम्ही होते," मैनाबाई म्हणाल्या.

काकांनी गाठ बोटानं उगाच चाचपून पाहिली. पक्की होती.