चाय मांडू काय

आमचा टेप एका दिवसात बंद पडला नाही. आधी आतला पट्टा सैल झाला आणि गाणी रेंगाळू लागली. गायिका पुरुषी आवाजात गाऊ लागल्या. मला हसू यायचं. पण एका कॅसेटवर आई आहे, आणि तिचाही आवाज जाडा, संथ होत चालला होता. कुणी घरापासून लांब लांब जात बोलावं तसा. मग हसू थांबलं.

आई त्या कॅसेटवर आली ती चुकून. बाबा रेडिओसमोर टेप ठेवून गाणी भरायचे. बाबांनी तळहात वर केला की घरात कुणी ब्र काढायचा नाही, शिंकसुद्धा गिळायची. एका संध्याकाळी आई बाहेरून आली. रेकॉर्डिंग चालू आहे हे तिला काय ठाऊक! गाण्याच्या दुसऱ्या कडव्यावर तिचा आवाज आहे, "आवो, चाय मांडू काय?" पुढे नुसतं गाणं. त्याच वर्षी ती गेली.

रोज संध्याकाळी बुद्धवंदना आटोपली की बाबा ती कॅसेट लावतात आणि त्या जागी हळूच म्हणतात, "मांड वं." मी स्वयंपाकघरात असले की अंगावर काटा येतो. इतक्या वर्षांत सवय झालेली नाही.

माझ्या पगारात दोनातलं एकच जमणार होतं, टेपची दुरुस्ती किंवा पेन ड्राइव्हवर चालणारा स्पीकर. दुरुस्तीवाला म्हणाला, पट्टा मिळेल, पण हेड झिजलंय, दर वेळी कॅसेट थोडी घासली जाणारच. मग विचार कसला करायचा? पेन ड्राइव्हवर आई झिजणार नाही. मी बाभुळगावहून स्कूटीने यवतमाळला गेले, गाणी भरायला कॅसेट दुकानात दिली आणि दोन दिवसांनी भरलेला पेन ड्राइव्ह, नवा स्पीकर घेऊन स्वतःच्या शहाणपणावर खूश होत परतले. कॅसेट तेवढी दुकानातच विसरले.

संध्याकाळी स्पीकर लावला. आवाज इतका लख्ख की गायिकेचा श्वास ऐकू यावा. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले. दुसरं कडवं आलं आणि गेलं. बाबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"तुही माय कुठी गेली?" त्यांनी विचारलं.

मी दुकानात फोन लावला. "ताई, तुमच्या कॅसेटमंदी घरातला आवाज येऊन राह्यलता," दुकानदार मोठ्या कौतुकाने म्हणाला, "म्हणून तेच गाणे नेटवरून साफ टाकून देल्ले." मी त्याला चार शब्द सुनावले, त्यातले दोन इथे लिहिण्याजोगे नाहीत. नशीब, कॅसेट शाबूत होती. दुसऱ्या दिवशी जाऊन ती घरी आणली.

"आता समोर उभी राहून भरून आणतो, बाबा," मी म्हटलं.

"नोको. आता तिले घराबाहेर नोको नेऊ."

"पण टेपवर झिजून जाईन ना ती!"

बाबा कॅसेट हातात धरून बसले. मग म्हणाले, "तिनं इचारलं तवा मी हात वर केलता. गाणं खराब होईन म्हून. ती तशीच आत गेली. चाय नाही मांडला मंग. तवा बोललो नाही. आता बोलून राह्यलो. झिजू दे."

मला राग आला. त्या वर केलेल्या हाताचा, त्या गाण्याचा, सगळ्याचाच. आणि रडूही आलं. दुकानदाराने तोंड वाकडं करत स्पीकर परत घेतला आणि ते पैसे टेपमध्ये गेले.

नवा पट्टा बसल्यावर आईचा आवाज पुन्हा पातळ झाला. ती आता माझ्याहून लहान आहे, हे मला पहिल्यांदाच जाणवलं.

"आवो, चाय मांडू काय?"

"मांड वं," बाबा म्हणाले.

तिच्या शब्दांमागे बारीक खरखर होती, आधी कधी नसलेली. मला ऐकू आली, म्हणजे त्यांनाही आली असणार. मी गॅस पेटवला आणि चहा मांडला.