वत्सलाबाईंचा पुढचा दात

पंचवटीच्या भाजीबाजाराच्या तोंडाशी वत्सलाबाई फुलं घेऊन बसत. देवाच्या हाराला त्यांनी जन्मात कधी तोंड लावलं नाही. उष्टं देवाला कसं चालेल? त्याचा दोरा कात्रीने कापायचा. गजऱ्याची गोष्ट वेगळी. दोऱ्याचं टोक पुढच्या दातात धरायचं, दोन्ही हात मोकळे ठेवायचे आणि शेवटची गाठ बसली की दातानेच दोरा टचकन तोडायचा. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

फुलांइतकंच बाईंना वेड होतं चौकशीचं. रिक्षावाल्याला मीटर कसं पळतं ते विचारतील, आणि गजरा ओवून होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या घरी कोणाचं लग्न अडलंय तेही काढून घेतील. उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न तयार, ‘असं का?’

२००२च्या लग्नसराईत एके सकाळी दोरा ओढला आणि दातच हलला. गजऱ्यावर रक्ताचा ठिपका पडला. हा दात गेला तर गजरे ओवायचे कसे, या विचाराने बाई घाबरल्या. दाताच्या दवाखान्यात जायचं त्यांनी ठरवलं, पण एक गोष्ट सांगायची नाही असंही ठरवलं. चार वर्षांपूर्वी त्यांना साखर निघाली होती. गोळ्या घ्यायच्या त्या थकवा आला तरच, एरवी डब्यात पडून. साखरवाल्याच्या दाताला कोणी डॉक्टर हात लावत नाही, असं सगळा बाजार सांगायचा. धाकटा भाऊ मोतीराम कळवणला दाढेने तळमळत होता, तेव्हा बाईंनीच त्याला त्याची साखर डॉक्टरपासून लपवायला सांगितलं होतं. दाढ निघाली, पण जबडा असा सुजला की दोन महिने तो पेजेवर राहिला. अजून एकाच बाजूने चावतो. ‘तो डॉक्टरच अडाणी,’ असा बाईंनी निकाल दिला होता.

सुवर्णा डॉक्टरांनी दिवा तोंडावर घेतला, हिरड्या दाबून पाहिल्या. “मावशी, साखर आहे का तुम्हाला?”

“नाय. आमी शेतातली मानसं, आमाला कुठली साखर?”

“दात किडलेला नाही, तरी एक सोडून पाच हलतायत. हिरडीतून पू येतोय. रक्त तपासून या, मग बघू.”

बाई खुर्चीतून उतरल्या, चपला घातल्या, दारापर्यंत पोचल्या. गुपचूप निघून जाता आलं असतं. पण स्वभावाला औषध नाही.

“पन बाई, माझी साखर तुमाला तोंडात कशी काय दिसली?”

बोलल्या आणि मग कळलं, आपण काय बोललो. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी बाईंना परत बसवलं. “साखर वाढली की हिरडीतल्या जंतूंचं फावतं. हिरडी सुटते, आतलं हाड झिजतं. दात चांगला असून आधार जातो. आणि हिरडी अशी सुजलेली राहिली की साखरही लवकर आवरत नाही.”

मखमलाबादला बाईंचा झेंडूचा तुकडा होता. “म्हंजी झाड धडधाकट, पन पाटाच्या पान्यानं बुडाची माती नेली.”

“अगदी तसंच. गेलेलं हाड सहसा भरून येत नाही, राहिलेलं टिकवू. हिरड्या आतून साफ करते. गोळ्या रोज, ब्रश दोनदा, आणि दोरा यापुढे कात्रीने.”

“आन् काढावाच लागला तर?”

“साखर आटोक्यात आणून काढायचा. साखरवाल्याचा दात काढता येतो, मावशी. फक्त आधी सांगायचं. लपवलं तर जखम चिघळते.”

‘असं का?’ हे बाईंच्या ओठांवर आलं नाही. मोतीरामचा सुजलेला जबडा त्यांच्या डोळ्यांपुढे आला.

पुढच्या सोमवारी त्या मोतीरामला घेऊन आल्या. तो येतच नव्हता. दवाखान्याच्या पायरीवरून एकदा मागेही फिरला. डॉक्टरांनी आरसा हातात घेण्याआधीच बाई बोलल्या.

“हा माझा भाऊ. याला धा वर्सांची साखर हाय. दाढ काढली त्या टायमाला लपवाया मीच सांगितलं होतं.”

मोतीरामने खुर्चीतून मान वळवली. “आक्के, तू तं म्हनायची, डॉक्टर अडानी होता.”

“अडानी मी होते,” वत्सलाबाई म्हणाल्या. “आता तोंड उघड.”