घमेल्यातले पाय आणि मिहानची मुलाखत

मी आयुष्यात एकच मुलाखत दिली आणि ती चार मिनिटांत संपली. साहेबांनी नाव विचारलं, गाव विचारलं, मी उमरेड म्हटल्यावर तिकडचा पाऊस विचारला आणि म्हणाले, "सोमवारपासून या." कोराडीच्या वीज केंद्रात, स्टोअर्समध्ये, मी तेहतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यापासून त्या चार मिनिटांच्या जोरावर मी नोकरी शोधणाऱ्यांना मार्गदर्शन करतो. (कोणी विचारलेलं नसतं. पण विचारायची वाट पाहिली तर मार्गदर्शन होतच नाही.)

माझं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे आमची मुलगी, अश्विनी. पदवी होऊन दहा महिने झाले होते. चार मुलाखती झाल्या आणि चारही ठिकाणी ती एकाच प्रश्नाला अडली: तुमची कमतरता काय? चौथ्या नकाराच्या दिवशी ती भरल्या ताटावरून उठून गेली. तिच्या आईने, सुनंदाने, मला स्वयंपाकघरात बोलावून बजावलं, "आता तिले एक शब्द सांगू नका. खचून राहिली पोरगी." मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं होतं.

आणि मग मिहानमधल्या, म्हणजे आमच्या विमानतळाजवळच्या उद्योगनगरीतल्या, एका कंपनीचं बोलावणं आलं. मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर, दुपारी दोन वाजता. महिना मे!

नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी माणूस फक्त कूलरसमोर जगतो. आमचा लोखंडी कूलर हवा झकास देतो, पण तो सुरू असला की आम्ही घरात खुणांनी बोलतो. आदल्या दिवशी अश्विनीने मैत्रिणीला कॉल लावून पाहिला. मैत्रीण म्हणाली, "तू चक्कीवर दळण घेऊन बसली का वं?"

म्हणजे कूलर बंद ठेवणं आलं. "मी अशी घामानं निथळत बसली तर काय समजतील ते?" अश्विनी रडकुंडीला आली, आणि मी सुनंदाला दिलेला शब्द विसरलो.

"पाय थंड तर माणूस थंड," मी म्हणालो. "टेबलाखाली घमेल्यात बर्फाचं पाणी ठेवू. कॅमेऱ्यात पाय कोणाले दिसते?"

"अन् बर्फ विरघळला तर?"

"मी आहे ना टाकायले."

"तुम्ही कुठं राहणार, बाबा?"

"टेबलाखाली."

सुनंदाने कपाळावर हात मारला. "साठी उलटली तुमची. खाली बसान, पण उठान कसे?"

पण अश्विनी हसली. कित्येक दिवसांनी हसली. त्या हसण्याने मला असा काही जोर चढला की मी खुणाही ठरवून टाकल्या. पोटरीवर एक टिचकी म्हणजे हळू बोल, दोन टिचक्या म्हणजे हस.

दुसऱ्या दिवशी दोनला पाच कमी असताना सुनंदाने लेकीच्या हातावर दही-साखर ठेवली. अश्विनी वरून कोटात, खाली सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय घमेल्यात. मी बनियनवर, डोक्याला ओला दुपट्टा बांधून, बर्फाचं भांडं पोटाशी धरून टेबलाखाली. पलीकडचे साहेब इंग्रजीत विचारत होते, पोरगी इंग्रजीत धडाधड उत्तरं देत होती. मला अर्धं कळत होतं. बर्फ मात्र मी वेळेवर टाकत होतो. तेहतीस वर्षांत इतक्या निष्ठेने मी कधी काम केलं नव्हतं.

मग तो कमतरतेचा प्रश्न आला. वर अश्विनी पुन्हा अडली. चारही वेळा नाव इथेच बुडाली होती. माझ्याने राहवेना. निदान हस तरी, म्हणून मी पाण्याबाहेरच्या पोटरीवर दोन टिचक्या मारल्या. माझी बोटं इतका वेळ बर्फात होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

अश्विनी किंचाळली. पाय झटकला, घमेलं उलटलं आणि पाण्याचा लोंढा जमिनीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डाकडे निघाला.

"बोर्ड! बोर्ड!" ओरडत मी ताडकन उभा राहिलो. (आपण टेबलाखाली आहोत हे डोकं आपटल्यावर आठवलं.) टेबल कललं. पण अश्विनीने एका हाताने लॅपटॉप झेलला आणि पाणी पोचायच्या आत दुसऱ्या हाताने भिंतीवरचं बटण बंद केलं. लॅपटॉप आता माझ्याकडे तोंड करून होता. पडद्याच्या कोपऱ्यात मला मी दिसलो: बनियन, दुपट्टा, हातात बर्फाचा खडा.

साहेबांनी इंग्रजीत विचारलं, हे गृहस्थ कोण?

"माझे बाबा, सर," अश्विनी म्हणाली. मग तिने सगळंच सांगून टाकलं. कूलर, घमेलं, टिचक्या, सगळं. आणि शेवटी म्हणाली, "सर, माझी कमतरता हीच आहे. अडचण आली की मी समोरच्याला सांगत नाही, घरातल्या घरात निभावत बसते." टेबलाला टेकून उभा असलेला मी मान खाली घालून ऐकत होतो. इतकं सरळ उत्तर तिला मी जन्मात शिकवू शकलो नसतो.

मग साहेब एकदम मराठीत म्हणाले, "काका, नाव काय तुमचं?"

मी सांगितलं.

"गाव?"

"उमरेड."

"टेबलाखाली काय करून राहिले होते?"

"बर्फ देऊन राहिलो होतो, साहेब."

"मग कूलर काहून बंद केला? लावा ना. मी बी नागपूरचाच आहे. घरी कूलरचा आवाज नसला तर मले झोप नाही येत."

कूलर लागला. सुनंदाने मला दंडाला धरून बाहेरच्या खोलीत नेऊन बसवलं. मुलाखत पुढे चाळीस मिनिटं चालली, आणि आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. ते वाचून दाखवताना अश्विनी रडली. मीही रडलो, पण सुनंदाने ते पाहिलं नाही असं मी धरून चालतो.

आता कॉलनीतल्या मुली सल्ला विचारायला आमच्याकडे येतात. अश्विनीकडे. ती सांगते, चार नकारांचं ओझं पाचव्या मुलाखतीला नेऊ नका, अडचण असेल ती तोंडाने सांगा आणि बापाला आधी घराबाहेर पाठवा.

माझी पात्रता मात्र दुपटीने वाढली आहे. मी आता आयुष्यात दोन मुलाखती दिल्या आहेत. दोन्हींत नाव आणि गाव विचारलं, दोन्ही चार मिनिटांच्या आत संपल्या आणि दोन्हींनंतर घरात नोकरी आली. दुसरीच्या वेळी अंगात शर्ट नव्हता, एवढंच.