पुठ्ठ्यावरचा देंग

विमानतळाच्या दारात बाबा म्हणाले होते, "मने, तिकडे आपलं काम भलं नि आपण भलं. कुणाच्या भांडणात पडायचं नाही." आई माझी ओढणी उगाचच नीट करत राहिली. सांगलीहून निघालेली मी मेलबर्नला युनिव्हर्सिटी संपवून, कायम राहायचा पीआर मिळवून तिथल्याच क्रेगीबर्न उपनगरात स्थिरावले आणि बाबांचं ऐकत राहिले.

मग कोविड आला. सगळे घरी बसले, मी काम करायचे त्या किराणा मालाच्या वेअरहाऊसमध्ये मात्र शिफ्ट चालूच. फोर्कलिफ्ट चालवणारा देंग दक्षिण सुदानचा. शिफ्ट सुटली की मला आणि तिथेच कामाला असलेल्या त्याच्या मेहुणीला, आयेनला, तोच गाडीतून घरी सोडायचा. कॅज्युअल होता, म्हणजे काम केलं त्या तासांचेच पैसे. खोकत असूनही कामावर आला, कारण रजा नव्हती. पहिल्याच लाटेत गेला.

आयेन रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर चित्रं काढायची. सगळे काळे कामगार: पोछा मारणारी, म्हाताऱ्यांना जेवण भरवणारी, पॅलेट ओढणारा. जूनमध्ये, इथल्या हिवाळ्यात, काळ्यांच्या न्यायासाठी शहरात मोर्चा निघाला, तेव्हा तिने पिवळ्या जाकिटातला देंग रंगवला, माणसाएवढा. एकटीला उचलवेना. दुसरं टोक मी धरलं.

मोर्चातला तिचा फोटो फिरला. सुपरवायझर आयेनला म्हणाला, "No politics here, mate." त्यानंतर तिला शिफ्ट मिळेनात. मी त्याला सांगितलं, "मीही धरलं होतं." मग माझ्याही निम्म्या झाल्या.

बाबा फोनवर चिडले. "तुला कशाला नसती उठाठेव?" मग त्यांनी विचारलं, "कोण होता गं तो?"

"मला रोज घरी सोडायचा, बाबा."

"मग जायलाच हवं होतं."

पुढच्या वर्षी भारतातल्या दुसऱ्या लाटेत बाबा गेले. ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद. अग्नी दिलेला फोनवर पाहिला, तोही अडकत अडकत. आयेन मास्क लावून ड्राइव्हवेवर उभी राहिली. लॉकडाउनमुळे आत येता येत नव्हतं. बराच वेळ ती गेली नाही.

नंतर ती फळं तोडायच्या कामाला दूर गावी गेली. तिथली खोली लहान, म्हणून पुठ्ठ्यावरचा देंग माझ्याकडे ठेवला. परवा माझ्या छोट्या लेकीने विचारलं, "Who's that, Mum?" म्हटलं, "देंगकाका." बाजूला बाबांचा फोटो आहे.

सांगलीचं घर भावाने विकलं. वाईट वाटलं, पण परकं झाल्यासारखं वाटलं नाही. ज्या मातीत आपलं कुणी गेलं, ती सुटत नाही. तशी माती आता मला इथेही आहे.