रंग न येणारी टाकी

माझ्या मामाला कारखान्यात सगळे सोनार म्हणत. सोन्याशी त्याचा संबंध लग्नातल्या अंगठीपुरता, आणि तीही सासऱ्याने घातलेली. बोटींच्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी पिवळ्या टाकीत बुडवायच्या आणि सोनेरी झाल्या की काढायच्या, हे त्याचं काम. खाऱ्या हवेत उघड्या ॲल्युमिनियमवर पांढरा गंज चढतो आणि हळूहळू त्याचा भुगा होतो. सोनेरी लेप ते रोखतो. किती सोनेरी म्हणजे पुरे, ते मामाच्या डोळ्याला कळायचं. त्या डोळ्याचा त्याला भारी तोरा होता.

टाकीतलं क्रोमियम विषारी. मामाच्या नाकातून अधूनमधून रक्त यायचं, बोटांवरच्या जखमा भरता भरत नसत. मामी त्याचे कपडे वेगळ्या बादलीत काठीने ढवळून धुवायची. "तुम्ही तुमच्या टाकीत बुडवा, मी माझ्या टाकीत बुडवते," म्हणायची.

मग रसायनवाल्या बाई नवी टाकी घेऊन आल्या. तिच्यात विष नाही, वास नाही, आणि रंगही नाही. चौकट आत जाताना जशी, तशीच बाहेर.

"लेप बसला?" मामाने विचारलं.

"बसला."

"कुठे?"

बाई हसल्या. मामा हसला नाही.

मालकाने ठरवलं, दोन्ही टाक्यांत बुडवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खाऱ्या हवेसारखं मिठाचं धुकं सोडणाऱ्या पेटीत ठेवून बघू. नव्या टाकीच्या टिकल्या तर पिवळी बंद. म्हणजे मामाच्या डोळ्याचंही काम संपलं. बुडवायला अर्थात मामाच. किती वेळ बुडवायचं ते बाईंनी भिंतीवर ठळक लिहून वर घड्याळ टांगलं होतं. मामाने घड्याळ पाहिलं, पट्टी पाहिली. पट्टी कोरीच. "जरा मुरू दे," म्हणून तो चहा प्यायला गेला.

पेटी उघडली तेव्हा नव्या टाकीच्या पट्ट्यांवरून लेपाचे पापुद्रे सुटले होते आणि खाली पांढरा गंज फुलला होता. पिवळ्या टाकीच्या जशाच्या तशा.

"सोनार, जिंकलास," मालक म्हणाला. बाईंना त्याने टाकी उचलून न्यायला सांगितलं. बाई पट्टी उलटसुलट करून बघत राहिल्या.

घरी मामाने ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. "मी तर तिला दुप्पट वेळ दिला. हात आखडता घेतला नाही. तरी नाही टिकली."

मामी इस्त्री करत होती. "इस्त्री दुप्पट वेळ ठेवली की सदरा दुप्पट कडक होतो का हो?"

मामाच्या एका सदऱ्याच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा होता. तो त्याचाच पराक्रम. त्या रात्री जेवताना मीठ सहज मागता आलं. एरवी त्याच्या बडबडीत मीठ मागायलाही फट सापडत नसे.

गप्प बसला असता तरी चाललं असतं. टाकी जाणारच होती, विचारणारं कोणी नव्हतं. पण सकाळी बाई टाकीचे नळ सोडवत असताना तो शेजारी जाऊन उभा राहिला.

"बाई, त्या दिवशी मी चहाला गेलो होतो."

"किती वेळ?"

"चहा गरम होता."

बाईंनी पाना खाली ठेवला. "लेप जाड झाला की ठिसूळ होतो. मालकांना सांगाल?"

"तुम्हीच सांगा की."

"चहा मी प्यायले का?"

सांगावं लागलं. मालकाने तोंडसुख घेतलं आणि चाचणी पुन्हा लावली. या वेळी मामा घड्याळाखालून हलला नाही. चहा तिथेच मागवला आणि गार होऊ दिला. पट्ट्या टिकल्या.

पिवळी टाकी रिकामी करायला बाहेरची माणसं आली, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, तोंडावर मुखवटे. जिच्यावर मामा इतकी वर्षं बाह्या दुमडून वाकत आला, तिच्याजवळ जाताना ही माणसं दबकत होती. "एवढं?" मामा म्हणाला. त्याने दुमडलेल्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या.

सोनार हे नाव काही सुटलं नाही. नवी चौकट उजेडात धरून तो अजूनही रंग शोधतो.

पिवळी टाकी गेली त्या संध्याकाळी त्याने सवयीने सदरा वेगळ्या बादलीत टाकला. मामीने तो उचलून सगळ्यांच्या कपड्यांत टाकला. मामाने परत वेगळा काढला.

"आता कशात बुडवता तुम्ही? पाण्यासारख्याच टाकीत ना?" मामी म्हणाली आणि ती बादली घेऊन फरशी पुसायला गेली.